मोरोगोरोचा अभ्यास

रविवारी सकाळी सात वाजता रामदास न्हाणीघराच्या दाराबाहेर येऊन उभा राहिला आणि आत आंघोळ करणाऱ्या द्रौपदीला त्यानं सांगितलं, की स्वाहिली भाषेत नामांचे निदान आठ वर्ग असतात आणि माणसांचा वर्ग झाडांच्या वर्गाहून वेगळा असतो.

"अहो, मी साबण लावतेय."

"साबणाला तिकडे साबुनी म्हणतात. आपलाच शब्द झाला की नाही? पण मिळत नाही म्हणे. लोक तास तास रांगेत उभे असतात."

द्रौपदीनं तांब्या जोरात बादलीत बुडवला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू येऊ नये एवढीच तिची अपेक्षा होती. पण रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात सव्वीस वर्षं पंख्यांच्या घरघरीवर चढवून चढवून रामदासचा आवाज खणखणीत झालेला होता. तिला झाडांचा वर्गही ऐकावा लागला, फळांचाही.

एप्रिलपासून हे असं चाललं होतं. फेब्रुवारीत ती दिल्लीला मुलाखत देऊन आली तेव्हा रामदास स्वतः तिला लखनौच्या चारबाग स्टेशनवर सोडायला आला होता. "अनुभव म्हणून देऊन ये," म्हणाला होता. बायको निवडली जाईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंदिरा नगरच्या त्यांच्या घरी पत्र येऊन पडलं. मुलींच्या सरकारी इंटर कॉलेजात, बारावीपर्यंतच्या वर्गांना, एकोणीस वर्षं गणित शिकवणाऱ्या श्रीमती द्रौपदी रामदास गणवीर यांची टांझानियातल्या मोरोगोरो गावी, मुलींच्या माध्यमिक शाळेत, जुलैपासून दोन वर्षांसाठी निवड झाली होती. होकार एकतीस मेपर्यंत कळवायचा होता. सोबत एक फॉर्म होता आणि त्यावर पतीच्या सहीसाठी एक रिकामी ओळ होती.

रामदासनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "सही करायला माझी ना नाही. पण अभ्यास केल्याशिवाय मी मत देत नसतो. बाबासाहेबांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं?"

या वाक्यापुढे त्या घरात कुणालाही बोलता येत नसे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग अभ्यास सुरू झाला. कैसरबागेतल्या लायब्ररीतून पुस्तकं यायला लागली. आधी भूगोल, मग जर्मनांच्या आणि इंग्रजांच्या काळातला इतिहास, मग तिकडच्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टी. प्रत्येक पुस्तकातून एक शंका बाहेर पडे. भूगोलातून झोपेचा रोग देणारी माशी निघाली. इतिहासातून शेजारच्या देशाशी तीन वर्षांपूर्वी झालेलं युद्ध निघालं. गोष्टींच्या पुस्तकात एक मास्तर गाव सोडून शहरात जातो आणि दारू प्यायला लागतो, तर रामदासनं त्यावरही फूलस्केप कागदावर टिपण काढलं, 'शिक्षकांची स्थिती?' एका शनिवारी त्यानं सगळ्यांना हजरतगंजला जंगलाचा एक परदेशी सिनेमा दाखवायला नेलं. सिनेमा कुठल्या देशात काढला होता ते पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. पण पडद्यावर सिंह आला की अंधारात रामदासची पेन्सिल कागदावर खरखरू लागे. फिल्म सोसायटीत टांझानियातल्या खेड्यांवर एक माहितीपट दाखवला, त्याला मात्र तो एकटाच गेला. येऊन दोन तास बोलत होता. बायका डोक्यावर पाण्याच्या बादल्या घेऊन हसत चालल्या होत्या म्हणे. ते हसणं सांगताना तो स्वतःही हसला, आणि मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे नळ नाहीत."

नाही म्हणाला असता तर द्रौपदीला भांडता तरी आलं असतं. पण तो नाही म्हणतच नव्हता. बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे तपासत ती बसली की समोर येऊन एखादं पान वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "यावर तुझं काय मत?" रागानं तिनं त्या पुस्तकांना हात लावायचं सोडलं होतं. आपण जिथे जाणार त्या देशाबद्दल घरात सगळ्यांत कमी माहिती आपल्यालाच आहे, हे तिच्या एकदा लक्षात आलं आणि तिला आणखीनच संताप आला.

आज तेवीस मे होती. आठ दिवस उरले होते. आणि आज रामदासनं कुटुंबाची बैठक बोलावली होती.

"तिकडे उजामा म्हणून शब्द आहे," दाराबाहेरून तो सांगत होता. "म्हणजे कुटुंबभाव. सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं."

"आणि एकत्र बसलेल्यांचं जेवण कोणी करायचं, ते लिहिलंय का कुठे?"

बाहेर पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज आला. "पाहतो," रामदास म्हणाला.

अकरा वाजता रामदासचा धाकटा भाऊ रावसाहेब बायकोला स्कूटरवर मागे बसवून तेलीबागहून आला. तो बँकेत होता, आणि घरातला कुठलाही प्रश्न शेवटी आपल्या टेबलावर येणार अशा थाटात वावरायचा. त्याची बायको चंदा आल्याआल्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. बाहेर लू, मे महिन्यातला भाजणारा वारा, वाहत होती आणि आत दोन शेगड्या पेटल्या होत्या. एकीवर मटणाचा रस्सा होता. दुसरीवर, रामदासच्या हुकमावरून, मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात हाटायचं चाललं होतं.

"हे काय हो ताई?"

"उगाली. त्यांचं जेवण. पुस्तकात कृती होती."

सासूबाई, गयाबाई, दारात काठी टेकून उभ्या होत्या. पातेल्यात डोकावून त्या म्हणाल्या, "हा तर घाटा आहे. उमरेडला आम्ही ज्वारीचा करत होतो. घाटा खायला आफ्रिकेला जायचं?"

गयाबाईंचा विरोध पहिल्या दिवसापासून उघड होता. सून दोन वर्षं घरात नाही म्हणजे काय, हा त्यांचा एकच मुद्दा होता. द्रौपदीला तो निदान समजत तरी होता.

साडेअकराला पाहुणा आला. हा रामदासचा खास साक्षीदार. रेल्वेचं सिग्नलचं काम शिकायला टांझानियाहून आलेल्या तुकडीतला, तिशीचा, उंच, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला तरुण. आठ महिन्यांत त्यानं ऑफिसच्या कँटीनमध्ये उभं राहून राहून हिंदी शिकून घेतली होती. रामदासनं ओळख करून दिली, "हे डॅनियल मसावे."

"मसावे?" गयाबाईंनी मान वर केली. "उमरेडकडचे का भंडाऱ्याकडचे?"

द्रौपदीची मुलगी कल्पना ओढणी तोंडावर धरून हसायला लागली. बी.एस्सी.ला होती ती. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीच. "दादी, ये किलिमंजारो की तरफ़ के हैं।"

मसावे गयाबाईंसमोर वाकला आणि म्हणाला, "शिकामो, माताजी." मग त्यानं समजावलं की मोठ्या माणसाला असंच म्हणतात, याचा अर्थ मी तुमचे पाय धरतो.

"आई, मरहबा म्हण," रामदास घाईघाईनं म्हणाला. "मरहबा हे उत्तर असतं. काल सांगितलं होतं ना तुला?"

"मी जय भीम म्हणणार," गयाबाई म्हणाल्या, आणि हात जोडून म्हणाल्याही. मसावेनं तसेच हात जोडून जय भीम केला. म्हातारीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. रामदास हिरमुसला.

बैठकीच्या खोलीत त्यानं सगळी मांडणी करून ठेवली होती. टेबलावर पुस्तकांची चळत, भिंतीवर त्यानं स्वतः ट्रेसिंग पेपरवर काढलेला नकाशा. त्यातली रेल्वेची लाइन इतकी सुबक होती की रावसाहेबसुद्धा दोन मिनिटं बघत राहिला. कॅसेट प्लेअरमध्ये कॅसेट तयार होती.

"आधी संगीत," रामदास म्हणाला.

व्हायोलिनांचा एक थवाच्या थवा उठला, त्याखाली ढोलकीसारखा ठेका, आणि मग एका बाईचा भरदार आवाज. कोणाला तरी टोमणे मारत असावी तसा. कल्पनाला ही कॅसेट पाठ झाली होती. तिनं पायानं ताल धरला. गयाबाई म्हणाल्या, "ही तर कव्वाली." आणि द्रौपदी हातातला झारा घेऊन दारातच थांबली. महिनाभर ही गाणी तिच्या कानांवर आदळत होती, पण ऐकली अशी नव्हती. त्या बाईच्या आवाजात कुणाची परवानगी मागितल्यासारखं काही नव्हतं. तिला एकदम वाटलं, ही बाई कोण असेल, काय म्हणत असेल.

"हे तारब," रामदास पाहुण्याला म्हणाला. "आपका राष्ट्रीय संगीत."

मसावे हसला. "नहीं नहीं, ये समुंदर वाला लोग का है. झांझिबार, टांगा. मेरा घर पहाड़ में. हमारे घर में ये कोई नहीं सुनता. हम गिटार का बैंड सुनते हैं. डान्स वाला."

"लेकिन किताब में लिखा है," रामदासनं चळतीतलं तिसरं पुस्तक ओढून पान उघडलं. "ये देखिए. हर शादी में बजता है."

"उधर के शादी में."

"लिखनेवाला आपके यहाँ बारह साल रहा है."

"मैं उनतीस साल," मसावे नम्रपणे म्हणाला.

कल्पनानं कपाळाला हात लावला. "पापा, प्लीज़।"

रामदास गप्प बसला नाही. उगालीची वाटी पुढे करून तो म्हणाला की हे तुमचं रोजचं अन्न. मसावेनं आवडीनं घास घेतला आणि सांगितलं, की देशात बहुतेक ठिकाणी हेच खातात खरं, पण त्यांच्या डोंगरात केळी खातात, कच्ची, मटणाबरोबर शिजवून. रामदासनं ते फूलस्केपवर लिहून घेतलं. चेहरा असा केला होता, की जणू पाहुण्यानं आयत्या वेळी नियम बदलला होता.

मग प्रश्न निघाले. त्यानं तेवीस प्रश्न काढून ठेवले होते, नंबर घालून. साबण मिळतो का? मसावे म्हणाला, कधी मिळतो, कधी दोन महिने मिळत नाही. साखर? तसंच. गव्हाचं पीठ? विचारू नका. मलेरिया? होतो, त्याला स्वतःला चार वेळा झाला. प्रत्येक उत्तरानंतर रावसाहेब मान डोलवून "बघा वहिनी" म्हणत होता. सातव्या 'बघा वहिनी'ला द्रौपदी म्हणाली, "भाऊजी, मी बघतेय. मला दिसतंय. मी साबण घेऊन जाईन."

"दोन वर्षांचा?"

"मुलींना गुणाकार शिकवते मी. हिशेब करता येतो मला."

"तसं नाही हो," रावसाहेबनं आवाज खाली आणला, जणू बँकेत एखाद्या गिऱ्हाईकाला कर्ज का मिळणार नाही ते सांगतोय. "दादा इतका खपतोय तुमच्यासाठी. महिनाभर वाचतोय. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्यानं केलं असतं?"

हे ऐकून द्रौपदीच्या डोक्यात तिडीक गेली. घरात सगळ्यांना हेच दिसत होतं, नवरा बायकोसाठी खपतोय. तिलासुद्धा कधी कधी तेच दिसायचं, आणि मग आपल्या चिडण्याचीच लाज वाटायची.

मसावेला मराठी कळत नव्हतं, पण खोलीतली हवा कळत होती. त्यानं विषय बदलावा म्हणून विचारलं, "मॅडम, आप कौन सा सब्जेक्ट?"

"मॅथमॅटिक्स."

"बहुत अच्छा. मेरा छोटा बहन सेकंडरी में है. तीन साल में मॅथ्स का टीचर चार महीने आया, फिर चला गया. वो किताब से खुद करती है. रोती है और करती है." तो हसला. "मैं उसको लिखेगा, एक इंडियन मॅडम आ रही है. उसका स्कूल में नहीं, लेकिन आ रही है. जनवरी में मैं भी वापस जाऊँगा. साथ में जाएँगे."

"जनवरी में नहीं, जुलाई में," द्रौपदी म्हणाली.

मसावे गोंधळला. त्यानं रामदासकडे पाहिलं. "लेकिन वो लेटर... सर ने मुझे दिखाया था. स्कूल का नाम ठीक लिखा कि नहीं, देखने के लिए. आपका इंग्लिश बहुत अच्छा है, मॅडम."

"कौन सा लेटर?"

कॅसेट कधीच संपली होती. पंखा फिरत होता आणि भिंतीवरचा ट्रेसिंग पेपर हलत होता.

"कुठलं पत्र?" द्रौपदीनं आता मराठीत, रामदासला विचारलं.

रामदासनं फूलस्केप कागद गुंडाळला, पुन्हा उलगडला. "मुदत मागितली फक्त. नकार दिलेला नाही. जानेवारीपर्यंत अभ्यास पूर्ण होईल, म्हणून..."

"कधी?"

"पाच तारखेला."

"कोणाच्या नावानं?"

"तुझ्या वतीनं."

"वतीनं म्हणजे? खाली सही कोणाची आहे?"

रामदासनं खिशातलं पेन हातानं झाकलं. सव्वीस वर्षं नकाशांवर अक्षरं काढलेला माणूस. कुणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा. लग्न नवं होतं तेव्हा तिचं नाव तिच्याच वळणात काढून दाखवायचा, आणि ती खूश व्हायची.

"पापा, आपने मम्मी का साइन किया?" कल्पना उभी राहिली होती. तिचा आवाज चिरकला.

"कल्पना, तू आत जा," रावसाहेब म्हणाला. "पाहुण्यासमोर तमाशा नको. वहिनी, त्यानं काही वाईट हेतूनं..."

"तुम्ही गप्प बसा," चंदा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. चौदा वर्षांत तिनं नवऱ्याला चारचौघांत असं म्हटलं नव्हतं.

"बँकेत असं कोणी केलं तर तुम्ही काय करता?" तिनं विचारलं. "परवाच सांगत होतात ना, एकानं बायकोची सही करून पैसे काढले, त्याला पोलिसांत दिलं म्हणून? मग भाऊजींनी काय वेगळं केलं? ते तरी नुसते पैसे होते."

बँकेचा तो नियम रावसाहेबच्या स्वतःच्याच तोंडचा होता.

"आई, तूच सांग," रामदास गयाबाईंकडे वळला. "तूच म्हणाली होतीस की जाऊ नये. तुझ्यासाठीसुद्धा मी..."

"माझ्यावर ढकलू नको," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "जाऊ नये असंच मला वाटते. आजही वाटते. ते मी तिच्या तोंडावर सांगतलं. पण तू एवढी पुस्तकं आणली म्हणून एक विचारते. मला उमरेडहून लखनौला आणलं, तेव्हा तुझ्या बापानं कोणतं पुस्तक वाचलं होतं?"

गयाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

"सतरा वर्षांची होती मी. ट्रंक उचल म्हणाला. लखनौ कोणत्या दिशेला आहे तेही सांगतलं नाही. इथली बोली येत नव्हती, महिनाभर मी भाजीवाल्याला बोटानं दाखवत होती. कोणाला अभ्यास सुचला नाही तेव्हा. बाई नवऱ्याच्या मागं जाते तेव्हा कोणी काही वाचत नाही. एकटी चालली, की मग माशी न् सिंह आठवते तुम्हाला?"

मसावेनं हळूच पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आपण काहीतरी फोडलं आहे एवढं त्याला कळलं होतं. तो उठायला लागला. द्रौपदी त्याला म्हणाली, "आप बैठिए. खाना खाकर जाइए. आपकी कोई ग़लती नहीं है।" तिचा आवाज इतका शांत होता की तो लगेच पुन्हा बसला.

मग ती रामदाससमोर जाऊन उभी राहिली. "भीती वाटत होती तर सांगायचं होतं. जाऊ नको म्हणायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, काय ते झालं असतं. हे असं का?"

"भीती नव्हती गं," रामदास म्हणाला. तो टेबलावरच्या पुस्तकांकडे पाहत होता. "सुरुवातीला होती. म्हणून तर आणली पुस्तकं, तुला दाखवायला, की बघ किती कठीण आहे. पण वाचत गेलो आणि... मला ते आवडायला लागलं. चौऱ्याहत्तरला ऑफिसातर्फे झांबियाला जायचं माझं नक्की झालं होतं, आठवतं? पासपोर्टचे फोटोसुद्धा काढले होते. मग दुसरा कोणी गेला. अठ्ठ्याहत्तरला पुन्हा तेच. मी तिकडच्या पुलांचे नकाशे काढले द्रौपदी, एक पूल डोळ्यांनी पाहिला नाही. आता मोरोगोरोचं स्टेशन, मागचे डोंगर, बाजार कुठल्या वारी भरतो, सगळं मला पाठ झालंय. आणि जाणार तू. जिनं एक पान उघडून पाहिलं नाही, ती." तो थांबला. "मला वाटलं, थोडे दिवस थांबावं. थोडे दिवस तरी ते माझं राहावं."

कल्पनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसरा कुठला दिवस असता तर द्रौपदीच्याही आलं असतं. पासपोर्टचे ते फोटो तिला आठवत होते. त्यासाठी शिवलेला कोट अजून कपाटात होता. पण तिला आत्ता फक्त एवढंच दिसत होतं, की हा माणूस खरं बोलला ते पत्र पोस्टात पडून अठरा दिवस झाल्यावर, आणि आता सगळ्यांना त्याचीच दया येणार होती.

"तुमचं वाईट वाटून घ्यायला हवं मला," ती म्हणाली. "घेईन कधीतरी. आज जमणार नाही. चंदा, चप्पल घाल. तारघरात जायचंय."

"अगं, दोन वाजलेत, लू चालू आहे," रावसाहेब म्हणाला.

"स्कूटरची किल्ली तुमच्याजवळ आहे," चंदा त्याला म्हणाली. "सोडता का रिक्षा करू?"

रावसाहेबनं भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि किल्ली घेऊन उठला. पण स्कूटरवर तिघं बसणं शक्य नव्हतं. शेवटी दोघी जावा डोक्यावरून पदर घेऊन भाड्याच्या तीनचाकी टेंपोनं हजरतगंजला गेल्या, आणि रावसाहेब उगाचच त्यांच्या टेंपोमागे स्कूटर हाकत राहिला. तारघरात द्रौपदीनं तीन फॉर्म फाडले. चौथ्यावर मजकूर उतरला. पाच मेचं पत्र आपलं नाही, आपण जुलैत मोरोगोरोला हजर होणार, खाली नाव. कारकुनानं शब्द मोजून विचारलं, "ये मोरोगोरो क्या है बहनजी?" तिला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं, "एक शहर है।" त्याहून जास्त तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढचे पाच दिवस घरात स्वाहिलीचा एक शब्द उच्चारला गेला नाही. रामदासनं भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळून ठेवला. सही केलेला फॉर्म त्यानं रविवारीच देव्हाऱ्यासारख्या मांडलेल्या त्या पुस्तकांवर ठेवला होता. द्रौपदीनं तो उचलून आपल्या पर्समध्ये टाकला आणि आभार मानले नाहीत. पेपर तपासून झाले की ती एकेक पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. रामदास ते पाही.

शुक्रवारी दुपारी दिल्लीहून तार आली. मुदतवाढीच्या पत्रामुळे मोरोगोरोची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती. सोंगेआ इथल्या शाळेत एक जागा रिकामी होती. मान्य असेल तर नवा फॉर्म भरून सोमवार, एकतीस तारखेला ऑफिसात हजर करावा.

द्रौपदीनं तार वाचली, घडी केली, आणि रामदासच्या हातात दिली. ओरडायची ताकदच उरली नव्हती. त्यानं वाचली. मोरोगोरो गेलं हे समजायला त्याला जरा वेळ लागला. मग तो खुर्ची ओढून बसला.

"सोंगेआ," तो पुटपुटला. "ते तर पार दक्षिणेला आहे. जर्मनांविरुद्धच्या उठावात तिथे... थांब, ते दुसऱ्या पुस्तकात..." त्याचा हात टेबलाकडे गेला. तिथे काही नव्हतं. पुस्तकं तिच्या खोलीत होती. त्यानं हात मागे घेतला.

शनिवारी कल्पनानं मसावेला निरोप धाडला. तो संध्याकाळी आला आणि रामदासकडे न पाहता द्रौपदीला सांगून गेला, की सोंगेआ लांब आहे, थंड आहे, रस्ता अजून चांगला व्हायचाय, आणि तिथे त्याचा एक मावसभाऊ पोस्टात आहे. त्याचा पत्ता त्यानं एका कागदावर लिहून दिला. गयाबाईंनी निघताना त्याला डब्यात घाटा भरून दिला आणि केळी का घालतात ते विचारून घेतलं.

नवा फॉर्म कल्पनानं कॉलेजातून टाइप करून आणला. द्रौपदीनं तो रामदाससमोर ठेवला. त्यानं पेन उघडलं. सवयीनं त्याची नजर पहिल्या ओळीवर गेली, आणि मग त्यानं ती उचलून थेट खाली नेली आणि सही केली. एक अक्षर वाचलं नाही.

"मी घेऊन जातो दिल्लीला. माझा पास आहे," तो म्हणाला.

"नको. आता एकही कागद मी तुमच्या हाती देणार नाही. मी नेते."

"मग बरोबर येऊ?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांचा संसार, आणि अजून ह्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नव्हतं. पण या खेपेस त्यानं विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत उभा होता.

"या," ती म्हणाली. "पण वाटेत मला काही समजावून सांगायचं नाही."

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. रामदास खिडकीशी बसला होता. पर्स द्रौपदीच्या मांडीवर होती, दोन्ही हातांखाली. उन्नाव मागे पडलं तरी तो बोलला नाही. गाडी कानपूरच्या अलीकडे गंगेच्या पुलावर चढली, लोखंडाचा खडखडाट सुरू झाला, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"सोंगेआला रेल्वे जात नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग कसं जायचं? किती तास लागतात?"

त्याच्या शंकेत पहिल्यांदाच खोच नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. द्रौपदीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. नदीत पाणी कमी होतं आणि वाळूत कलिंगडांचे वाफे दिसत होते.

"पोचले की कळवीन," ती म्हणाली.